कमानीवरची नावे आणि समाजमंदिराची किल्ली : गावच्या गुणगौरव समितीला खुले पत्र

प्रति,
गुणगौरव समितीचे सदस्य, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आपल्या गावकऱ्यांचे मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. वेशीवर नवी कमान उभी करायची, तिच्यावर 'अधिकाऱ्यांचे गाव' असे लिहायचे, खाली वर्ग एक आणि वर्ग दोनच्या पदांवर निवड झालेल्यांची नावे कोरायची आणि त्यासाठी उंबऱ्यामागे वर्गणी घ्यायची, ही पहिली. समाजमंदिराचा हॉल यापुढे फक्त स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला द्यायचा, ही दुसरी. त्या हॉलमध्ये शनिवार-रविवारी मी ठिबक सिंचनाचे संच दुरुस्त करण्याचा आणि जळालेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळण्याचा, म्हणजे मोटार भरण्याचा, वर्ग घेते. तो बंद करा, असा निरोप ग्रामपंचायतीच्या शिपायाने आणला. कारण विचारले तर म्हणाला, "अभ्यासाच्या पोरांना खटखट नको, असं ठरलंय."

हे मला मान्य नाही. बैठकीत एकही बाई नव्हती, त्यामुळे तिथे उठून बोलण्याची सोय नव्हती. म्हणून लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण गोष्ट एका गावाची नाही. खानापूर, आटपाडी, जत, सांगोला, माण, खटाव, कुठल्याही रस्त्याने निघा. निकाल लागला की फ्लेक्स लागतात, जेसीबीतून गुलाल उधळला जातो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. त्या पोरांच्या कष्टाचा मला मनापासून आदर आहे. मी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसून अभ्यास केला आहे. माझा राग त्यांच्यावर नाही.

मी कोण, हे बहुतेकांना माहीत आहे, तरी सांगते. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, डाळिंबाची बाग असलेल्या घरातली थोरली लेक. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आणि राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्याला गेले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले, मेसचे डबे खाल्ले, अभ्यासिकेच्या पासासाठी घरून पैसे मागवले. पूर्व निघाली, मुख्य निघाली नाही. मग पूर्वच पुढे जात राहिली. २०२४ सालची राज्यसेवा पूर्व २८ एप्रिलला ठरली होती, ती पुढे ढकलत ढकलत १ डिसेंबरला झाली. त्या मधल्या महिन्यांत पुण्यात खोली ठेवायची की सोडायची, हे प्रत्येक उमेदवाराला महिन्याच्या एक तारखेला ठरवावे लागत होते. पैसे वडिलांचे असतात, आणि वडिलांचे पैसे बहाराचे असतात.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी असते आणि ती समितीतल्या बाप्यांना कुणी सांगितलेली नसणार, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्याकडे मुलीला एकटीला पुण्यात ठेवायला घरचे तयार होतात ते एकाच कारणासाठी, परीक्षेसाठी. परीक्षा सुरू आहे तोवर लग्नाचा विषय पुढे ढकलता येतो. पाहुणे आले की आई सांगू शकते, "तिचा अभ्यास चाललाय." माझ्या खोलीतल्या मुलींपैकी काहींना पद खरेच हवे होते. काहींना फक्त श्वास घ्यायला थोडा वेळ हवा होता आणि त्यांना दुसरा कुठलाही मान्य रस्ता नव्हता. परीक्षा सोडली की वर्षभरात बोहल्यावर उभे राहायचे, हे ठरलेले. त्यामुळे मन उठलेल्या मुलीसुद्धा अर्ज भरत राहतात. 'प्लॅन बी काय?' असा प्रश्न तिथे सगळे एकमेकांना विचारतात. मुलींच्या बाबतीत तो प्लॅन बी घरच्यांनी आधीच करून ठेवलेला असतो.

मी परीक्षा सोडली आणि लग्नाला उभी राहिले नाही. गावाला खटकले ते हे दुसरे.

घरी आले तेव्हा बागेतल्या मागच्या ओळींना पाणी पोचत नव्हते. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी थेंब सोडणारे ड्रिपर बुजले होते, फिल्टरची जाळी फाटली होती आणि झाडांच्या ओळींतल्या नळ्या, म्हणजे लॅटरल, उंदरांनी जागोजागी कुरतडली होती. सांगोल्याकडचे एक जुने फिटर होते, त्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. पाण्याचा सामू तपासणे, ॲसिड ट्रीटमेंट किती वेळ द्यायची ते ठरवणे, ओळींना पाणी पोचवणारी सबमेन फ्लश करणे, शेवटच्या ओळीत गेज लावून दाब बघणे. बी.एस्सी.चे रसायनशास्त्र इथे जेवढे उपयोगी पडले तेवढे परीक्षेत कधी पडले नव्हते. आज आजूबाजूच्या गावांतल्या बागा माझ्याकडे आहेत. डाळिंबाचा आंबे बहार धरायच्या आधी, झाडांचे पाणी तोडून दिलेला ताण संपून पाणी सुरू करायच्या दिवसांत मला जेवायला सवड नसते. पहिल्यांदा गेले तेव्हा शेतकरी विचारायचे, "घरात बापयमाणूस न्हाई व्हय?" आता फोन करून विचारतात, "ताई, कधी येतायसा?"

हे माझे यश आहे. दुसऱ्या कुणी त्याला तसे म्हणावे, अशी मी वाट बघत नाही. पण हे लिहिताना मला भीती वाटते आहे, तेही सांगते. लग्नकार्यात जायची भीती वाटते, कारण तिथे प्रत्येकजण विचारतो, "मग परीक्षेचं काय झालं?" पिकाचे वर्ष बुडाले तर माझीही उधारी बुडते, त्याची भीती वाटते. वडील पारावर बसतात तेव्हा त्यांना काय ऐकावे लागत असेल, याची सगळ्यात जास्त वाटते. ही भीती काम करून कमी झाली असती. दर वर्षी तुमचा समारंभ येतो आणि ती पुन्हा ताजी होते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार मोजमापाची. समारंभात व्यासपीठावरून सांगितले जाते की मनापासून अभ्यास केला की पद मिळतेच. हे खरे नाही, आणि खोटे ऐकून पोरे आयुष्याचे निर्णय घेतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे बघा. दहा लाखांवर अर्ज आले, पूर्व परीक्षेला ५,९२,१४१ जण प्रत्यक्ष बसले आणि अखेर शिफारस झाली १,०१६ जणांची. आपल्या राज्याची २०२३ ची तलाठी भरती बघा. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांच्या पुढे अर्ज, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क आणि राखीवला नऊशे. उरलेल्या लाखोंनी मनापासून अभ्यास केला नव्हता, असे कुणी म्हणणार आहे का? जागाच तेवढ्या होत्या. गावातून किती जण बसले, किती वर्षे बसले, आज ते काय करतात, हा हिशेब समितीने कधी मांडला नाही. ज्यांचा निकाल लागला नाही ते तुमच्या वहीतच नाहीत.

तलाठ्याचा विषय निघालाच आहे तर एक आठवण देते. क्रांतिसिंह नाना पाटील तलाठी होते. ती नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले आणि पुढे साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले. त्यांच्या घरच्यांना, गावकऱ्यांना तेव्हा काय वाटले असेल? हातची सरकारी नोकरी सोडणारा माणूस तेव्हाही वेडाच ठरला असणार. जयंतीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि त्याच आठवड्यात कुणी नोकरी नाकारली की त्याच्या आईला शेजारणी धीर द्यायला जातात.

आणि मोजमाप नेहमी हेच होते असेही नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत खानापूर-आटपाडी भागातली पोरे सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, कामाला देशभर गेली. दुष्काळाने हाकललेली, कमी शिकलेली, भाषा न येणारी पोरे. भट्टीपाशी बसून त्यांनी परमुलखात दुकाने उभी केली आणि त्यांच्या पैशांवर गावाकडच्या विहिरी खोदल्या गेल्या, देवळे बांधली गेली, बहिणींची लग्ने झाली. तेव्हा मान गलाईवाल्याला होता. जुन्या कमानीसाठी त्यांच्याकडूनच देणगी घेतली होती, हे समितीतल्या ज्येष्ठांना माझ्याहून चांगले माहीत आहे. नव्या कमानीवर त्यांच्यातल्या कुणाचे नाव आहे का?

पाण्याचेही तसेच. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आज आपल्या भागात फिरते आहे. त्यामागे पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदांना उन्हात बसलेली हजारो माणसे आहेत. त्यांत आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बाया होत्या. माझी आजी होती. तिने कधी कुठली परीक्षा दिली नाही. तिला शाळाच मिळाली नाही.

दुसरी तक्रार हॉलची, आणि हीच सगळ्यात तातडीची आहे. समाजमंदिर सार्वजनिक पैशातून बांधले आहे. अभ्यासिकेला माझा विरोध नाही, उलट गावात अभ्यासिका असती तर माझ्या वडिलांचे पुण्याचे निम्मे पैसे वाचले असते. विरोध 'फक्त' या अटीला आहे. माझ्या वर्गाला येतात ते दहावी-बारावीनंतर घरी बसलेले मुलगे, आणि लग्न झालेल्या दोघी मुली, ज्यांना पुण्याला कुणीच पाठवणार नव्हते. ठिबकला आज सरकार अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान देते. त्यामुळे संच सगळीकडे बसले आहेत. ते दुरुस्त करणारे हात कुठे आहेत? मोटार जळली की तालुक्याला न्यायची, दोन-तीन दिवस थांबायचे, तेवढ्यात झाड सुकते. हे काम शिकलेले पोर गावात राहून पोट भरू शकते. तुम्ही म्हणता ती खटखट म्हणजे त्याची रोजीरोटी आहे. बागेत मोटारीजवळच्या ओळींना भरपूर पाणी आणि शेवटच्या ओळी कोरड्या, असे झाले तर आपण झाडाला दोष देत नाही, पाइपलाइन तपासतो. गावाच्या बाबतीत मात्र आपण शेवटच्या ओळीतल्या पोरांनाच नालायक म्हणतो.

तिसरी तक्रार वर्गणीची. उंबऱ्यामागे सारखी रक्कम ठरवली आहे. मजुरी करणाऱ्या घरानेही तेवढीच द्यायची, आणि दिली नाही तर नाव पारावर वाचले जाणार. ज्या घरातले पोर यंदाच परीक्षेतून बाहेर पडले त्या घरानेही कमानीला पैसे द्यायचे. याहून जास्त मी यावर बोलत नाही.

चौथी तक्रार समारंभाच्या प्रायोजकांबद्दल. गेल्या दोन समारंभांचा मंडप आणि फ्लेक्सचा खर्च खासगी अकादमींनी केला होता आणि बदल्यात त्यांच्या माणसांनी व्यासपीठावरून प्रवेशाची माहिती दिली. फ्लेक्सवर यशस्वी उमेदवारांचे फोटो होते. त्या उमेदवाराने तिथे वर्षभराचा कोर्स केला की फक्त मुलाखतीचे मार्गदर्शन घेतले, ते फुकट होते की फी भरून, यातले काहीही लिहिलेले नव्हते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता कोर्स केला, किती काळ केला, फी भरली होती का, हे जाहिरातीत सांगितले पाहिजे, आणि निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव-फोटो वापरता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट आहे. आपल्या गावच्या मंडपात हे नियम का लागू नसावेत? समोर बसलेले आईबाप जमिनीचा तुकडा गहाण टाकायच्या तयारीने ऐकत असतात.

पाचवी तक्रार माझ्यापुरती आहे. समितीने यंदा मला समारंभात बोलायला बोलावले. विषय दिला होता, 'अपयश पचवताना'. तुमचा हेतू चांगला होता, हे मी जाणते. तरी मी नकार दिला आणि का दिला ते इथे सांगते. त्याच व्यासपीठावर मला 'ठिबक संच वर्षानुवर्षे कसा टिकवावा' या विषयावर बोलवले असते तर मी आनंदाने आले असते. मुलींना दाखवायला पडलेली उमेदवार म्हणून उभी राहायला मी तयार नाही, कारण समोर बसलेल्या मुली त्यातून एवढेच शिकतील की परीक्षा सोडली तर आयुष्यभर तेच पद नावामागे लागते.

आणि हे फक्त मुलींना भोगावे लागते असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. बाहेर अनेकांना ती गंमत वाटली. आपल्या गावात तसे किती जण आहेत ते तुम्ही बोटांवर मोजू शकता आणि बोटे पुरणार नाहीत. शेती नीट करणारा, कर्ज फेडलेला, आईबापाला सांभाळणारा मुलगा मुलीकडच्यांना चालत नाही, कारण त्याच्या नावापुढे पद नाही. आणि त्याच घरांत मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहू दिले जात नाही, म्हणून तिच्यासाठी पगारवालाच शोधावा लागतो. या दोन्ही गाठी आपणच मारल्या आहेत. वेशीवरच्या कमानीने त्या आणखी घट्ट होतील, कारण गावात पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा आधी ती यादी वाचेल आणि मग घरातल्या पोराकडे बघेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

समाजमंदिराचा हॉल वेळ वाटून द्या. रोज पहाटेपासून दुपारपर्यंत आणि रात्री अभ्यासिका चालू दे. शनिवार-रविवारी दुपारी दोन ते पाच कौशल्याच्या वर्गांना द्या. माझ्याच नाही, शिवण, वायरिंग, कुणी शिकवायला तयार असेल त्या प्रत्येक वर्गाला. ठोकाठोकीचे काम आम्ही मागच्या पडवीत करू.

कमानीवर माणसांची नावे कोरू नका. गावाचे नाव पुरेसे आहे. नावे कोरायचीच असतील तर पाणी परिषदेला गेलेल्यांची, गलाईवाल्यांची आणि गावच्या शाळेत आयुष्य काढलेल्या शिक्षकांचीही कोरा. वर्गणी ऐच्छिक करा आणि न देणाऱ्याचे नाव वाचणे बंद करा.

समारंभ जरूर घ्या. निवड झालेल्यांचा सत्कार करा, मीही टाळ्या वाजवायला येईन. पण त्याच दिवशी गावातून किती जण परीक्षेला बसले होते तेही सांगा आणि जागा किती होत्या तेही सांगा. व्यासपीठावर येणाऱ्या प्रत्येक अकादमीकडून कोर्स आणि फीची पूर्ण माहिती लेखी घ्या आणि ती मंडपाच्या दारात लावा. परीक्षा सोडून दुसरे काम करणाऱ्यांना बोलवाल तेव्हा त्यांच्या कामाबद्दल बोलायला बोलवा.

पुण्या-मुंबईच्या मंडळाला वेगळी विनंती आहे. तुमच्यातले काही जण मोठ्या पदांवर आहेत. तुमचा शब्द गावात चालतो. दिवाळीला याल तेव्हा पोरांना "कितवा अटेम्प्ट?" विचारण्याआधी "तुला काय करायला आवडतं?" असे एकदा विचारा, आणि उत्तर परीक्षेचे नसले तरी पूर्ण ऐकून घ्या. त्याच्या बापासमोर विचारा. बापाला ते तुमच्या तोंडून ऐकू येणे गरजेचे आहे.

शेवटची मागणी ग्रामपंचायतीकडे. हॉलचा निर्णय समितीच्या बैठकीत झाला आहे, ग्रामसभेत नाही. तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवा आणि त्याआधी महिलांची सभा घ्या. ती घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि आपल्याकडे ती बऱ्याचदा वहीत सह्या घेऊन उरकली जाते. यंदा ती खरोखर भरवा. बायकांना हॉलबद्दल, वर्गणीबद्दल आणि लेकींच्या परीक्षेबद्दल काय म्हणायचे आहे ते एकदा गावाला ऐकू द्या. तसा लेखी अर्ज मी ग्रामसेवकांकडे दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे.

ग्रामसभेचा निर्णय होईपर्यंत वर्ग आमच्या वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरेल. शनिवारी आणि रविवारी, दुपारी दोन वाजता. येताना पक्कड आणि टेस्टर स्वतःचा आणावा. जळालेली मोटार कुणाकडे पडून असेल तर तीही आणावी, शिकायला उपयोगी पडेल. फी नाही. मुलींना घरी सोडायला संध्याकाळी माझी गाडी आहे, हे त्यांच्या आयांनी ध्यानात घ्यावे.

आपली,
ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, ठिबक दुरुस्तीचे काम करणारी गावची लेक